डॉक्टरीणबाईंची लेक

माझी वहिनी, डॉक्टर कौसल्या गजभिये, दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात तीसेक वर्षं राबली. नोकरी सगळेच करतात, ही राबली. तिचा नवरा, माझा संघपालदादा म्हणायचा, "हिला घर नाही, वॉर्डच आहे." मी तिची धाकटी नणंद. करोल बागेत त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे तिचा जाच आणि माया दोन्ही मला घरपोच मिळत आलं.

तिचं भांडण होतं एका रिवाजाशी. इकडच्या बऱ्याच घरांत बाळ झालं की नणंद येऊन भावजयीची छाती धुते, त्याबद्दल साडी नाहीतर दागिना घेते, आणि मगच बाळाला अंगावर पाजतात. नणंद मेरठहून दुसऱ्या दिवशी उगवायची. तोवर बाळाच्या तोंडात मध, आणि पहिला पिवळा चीक वाया. बाकीचे डॉक्टर यावर खेकसायचे. वहिनी दिवस भरत आलेल्या बाईच्या सासूला सांगायची, "ननद को साथ लेकर आना, वरना भर्ती नहीं करूँगी." हे अर्थात साफ खोटं होतं. बाळ जन्मलं की नणंदेच्या हातात कोमट पाण्याची वाटी द्यायची. "दीदी, अपना हक ले लो, लेकिन अभी." एका पोरीला नणंदच नव्हती, तर मला ऑफिसातून बोलावून उभं केलं. मी वैतागले होते, पण त्या बाळानं तोंड लावलं तेव्हा माझेच डोळे भरले.

"दूध सगळ्यांना येतं, धीर धरायचा," हे तिचं पालुपद. बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही ठरायचं. आणि माणूस सारखा बरोबर ठरत गेला की त्याला ऐकू कमी येऊ लागतं.

आठ वर्षांपूर्वी तिची एकुलती एक लेक उन्नती बाळंत झाली. मुलगा. नोएडाच्या घरी आणल्यापासून ती म्हणत होती, "आई, येत नाहीये यार. तो नुसता ओढतोय."

"येतं गं."

जावई, सुजय, पावडरचा डबा घेऊन आला, तर वहिनीनं त्याला दारातूनच तो डबा परत करायला पाठवलं. "कौसल्या गजभियेच्या नातवाला डबा? माझ्या वॉर्डात काय तोंड दाखवू?" मला त्या वाक्याचा अजूनही राग येतो. वॉर्डातल्या कुठल्याही बाईचं बाळ असं रडलं असतं, तर हिनं आधी वजनकाटा मागवला असता, त्या बाईला तपासलं असतं. स्वतःच्या लेकीला तिनं तपासलंच नाही.

मग बाळ रडायचं थांबलं. आम्हाला वाटलं, शांत झालं. उन्नतीनं दुपटं उघडलं आणि किंचाळली. अंग पिवळं, मलूल, लंगोट कोरडा. थेट इस्पितळाच्या नर्सरीत ठेवावं लागलं. वाचलं. आज तिसरीत आहे आणि सुट्टीत माझं डोकं खातं. पण नर्सरीच्या काचेबाहेर उन्नती आईला म्हणाली, "तू सगळ्या दिल्लीचं ऐकलंस, माझं नाही."

वहिनीनं माफी मागितली. तेव्हाही, नंतरही. उन्नती येते, फोन करते, घरी जेवून जाते. फक्त स्वतःच्या तब्येतीचं एक अक्षर आईला सांगत नाही.

यंदा उन्नतीला मुलगी झाली. फोन मला आला. "आत्या, आईला घेऊन ये. पण सांगून ठेव, तिनं बोलायचं नाही. मी पहिल्यापासून बाटलीच देणार आहे." मी सांगितलं. वहिनी "बरं" म्हणाली. रिटायर झाल्यापासून ती बरं फार म्हणते.

नोएडाला पोचलो. उन्नती पलंगावर बसली होती, गाऊन दोन्हीकडून भिजलेला. दूध आपसूक गळत होतं. मांडीवरची मुलगी तोंड वळवून आईची छाती शोधत होती. मला दिसलं, तर वहिनीला दिसणार नाही? तिचा हात पुढे गेला आणि थांबला.

"आई, प्लीज," उन्नती म्हणाली. "मला भीती वाटते. पुन्हा तसंच झालं तर?"

हीच भीती वहिनीनं किती बायकांच्या मनातून काढली असेल. पण या खोलीत तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती, आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं. "छाती दुखेल, गार फडकं ठेव," एवढंच ती म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं बाटली उकळली. पावडर किती घालायची ते चष्मा लावून दोनदा वाचलं. नातीला मांडीवर घेऊन सावकाश पाजलं. "छान पितेय गं," असं लेकीला हसून म्हणाली. उन्नतीनं मान फिरवली.

लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा वहिनीनं माझा दंड घट्ट धरला.

"नीरजा, एवढं दूध होतं गं माझ्या लेकीला," ती म्हणाली, "आणि मी तिला पाज म्हणू शकले नाही."