जांबाला आलेली जट

मेडशीला आमच्या अंगणात पेरूचं झाड होतं; आमच्याकडे पेरूला जांब म्हणतात. ते माझ्या आत्याचं. नवरा गेल्यावर ती इंझोरीहून माहेरी आली, तेव्हा सासरच्या वाडीतलं तेवढं एक रोप ओच्यात घेऊन आली होती. बाकी काही कुणी दिलं नाही.

आत्याच्या केसांत जट होती. जट म्हणजे देवीचं बोलावणं, तिला कात्री लावली की घर बुडतं, असं गाव मानायचं. त्या ओझ्यानं आत्याची मान सदा खाली. शेंड्यावरचे जांब तिला दिसत नसत. "आत्या, वरचा पिकला," हे सांगणं माझं काम. मला तिच्यासाठी वाईट वाटायचं, आणि गावाचा रागही यायचा.

एका वर्षी जांबाच्या खालच्या बेचक्यात भुशाची तपकिरी जाळी लोंबू लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "झाडाले जट आली वं बाई. हात नोको लावजो."

झालं. कुंकू वाहिलं गेलं, बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. फांद्या वाळत चालल्या, पण देवीपुढे बोलणार कोण? आत्याचा जीव मात्र तुटत होता.

एकदा दिवेलागणीला ती झाडाशी बसली असताना जाळीखालच्या भोकातून एक अळी बाहेर आली आणि निवांत साल कुरतडू लागली. आत्या बराच वेळ पाहत राहिली.

"देवी नाही वहिनी," ती आईला म्हणाली, "किडा हाय. माह्या झाडाले खाऊन राह्यला."

तिनं खराट्यानं जाळी ओरबाडली, भोकात तार खुपसली, घासलेटाचा बोळा कोंबून वर माती लिंपली. त्या अळीचा पुढे मळकट पतंग होतो आणि तोच सालीवर अंडी घालतो, हे मला मोठेपणी कळलं. काकू पुष्कळ दिवस बोलल्या नाहीत. त्यानंही काही बिघडलं नाही.

पावसाळ्यात नवे धुमारे फुटले. घर कुणाचं बुडलं नव्हतं. हिवाळ्यात जांब लागले, तेव्हा एका दुपारी आत्या आईकडे पाठ करून बसली.

"वहिनी, कात्री आण. माह्या डोक्यात काय हाय ते तरी पाहू."

आईनं कात्री चालवली. जट तुटली; आत निघाला नुसता गुंता आणि धूळ. आत्यानं मान चोळली, हळूहळू वर केली आणि शेंड्याकडे पाहत राहिली.

"पोरी," ती मला म्हणाली, "वरचा पिकला, अन् तू सांगतलं नाही मले?"