पाहुण्याला वाढलेले लाखोरीचे वडे

आमच्या गावच्या फुटबॉल संघाची पोरं मॅचच्या दिवशी माझ्याकडेच जेवायची. त्यातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला तर मी लेकासारखं जपलं. आणि सांगते तुम्हाला, तुमसरच्या एका राईस मिलवाल्याने पैसे दाखवले, तसा तो फायनलच्या तोंडावर त्याच्या संघात गेला. मला सांगायलाही आला नाही.

फायनल आमच्याच गावात होती. पाहुण्या संघाला आधी जेवू घालायची आमची रीत, म्हणून तो माझ्याच अंगणात पंगतीला बसला. मी लाखोरीच्या डाळीचे वडे तळले होते, त्याच्या फार आवडीचे. पूर्वी मॅच असली की दोन वड्यांवर मी त्याचं ताट उचलायची. त्या दिवशी वाढतच राहिले.

"काकू, आज मले काहून थांबवून नाई राहिली?"

"तवा तू आमचा होता. आता तुमी पाहुणे. घ्या अजून."

भरल्या पंगतीत मला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

मैदानात तो पोट धरून धावला, समोरचा सोपा गोल हुकवला, आणि आम्ही जिंकलो. मिलवाला सगळ्यांदेखत त्याला घालूनपाडून बोलला. मी पुढेच बसून एकेक शब्द ऐकला. अजूनही आठवलं की बरं वाटतं.