ळची दोन पोटं

विद्यापीठात पेंटर एकच होता, म्हणून त्याला नावाची गरज कधी पडली नाही. कुलगुरूंपासून झाडूवाल्या बाईंपर्यंत सगळे त्याला पेंटर म्हणत. घरी दार वाजवल्यावर आतून "कोण?" आलं, तर तोही "पेंटर" असंच सांगायचा. ताई चिडायची. "बाळ्या, तुझं नाव मी ठेवलंय. निदान माझ्या दारात तरी ते वापर!"

एके काळी विद्यापीठातली प्रत्येक पाटी त्याच्या हातची होती. 'परीक्षा विभाग' लिहायला त्यानं तीन दिवस घेतले आणि 'येथे थुंकू नये' लिहायला चार. अक्षर बघून थुंकणाऱ्याला तोंडातलं गिळावंसं वाटलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मग छापील प्लास्टिकच्या पाट्या आल्या. पेंटरच्या हातातला ब्रश गेला, रोलर आला, आणि काम उरलं ते पोरांनी भिंतींवर लिहिलेलं चुन्याखाली गाडण्याचं. तेही तो रसिकतेनं करायचा. आधी दोन पावलं मागं सरून वाचायचा, मग नाक मुरडायचा. एकदा कुणीतरी 'नीषेध' लिहिलं होतं. यानं आधी वेलांटी सुधारली आणि मग त्यावर चुना फिरवला. शिपायानं ते पाहिलं, आणि पुढं वर्षभर विद्यापीठाला हसायला दुसरा विषय लागला नाही.

ताईचा नवरा गेला तेव्हा भाची चार वर्षांची होती. पेंटर बिऱ्हाड उचलून त्यांच्याकडे आला तो कायमचा. स्वतःचं लग्न राहून गेलं. 'मुलगी अक्षरावरून पसंत करत होता' अशी अफवा होती, आणि त्यानं ती कधी खोडली नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या पाठीवर त्यानं भाचीला अक्षरं शिकवली. ळवर तर पंधरा दिवस घालवले.

"ळला दोन पोटं असतात. डावं उपाशी, उजवं जेवलेलं. दोन्ही सारखी काढलीस तर तो ळ नाही, चष्मा झाला."

"मग डाव्याला कधी वाढायचं, मामा?"

"वाढायचं नाही. अक्षर बिघडतं."

"तुझं अक्षर दुष्ट आहे," ती म्हणाली होती. पण ळ अगदी मामासारखा काढायला लागली.

तीच भाची आता विद्यापीठात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. घरातला पहिला एम.ए. ताईनं भिंतीवर पदवीच्या फोटोसाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

त्या वर्षी अभ्यासिकेला कुलूप लागलं. तिथं एका बांधकामवाल्या देणगीदाराच्या नावानं पाहुण्यांचं दालन व्हायचं होतं. कुलगुरू तसे वाईट नव्हते. तरुणपणी स्वतः मोर्चात मार खाल्लेला माणूस. पण त्यांची मुदत संपत आली होती, आणि मुदतवाढ लटकली होती तपासणी समितीच्या अहवालावर. समितीच्या फॉर्मात देणगीला गुण होते, नव्या दालनाला गुण होते, आणि एका रकान्यात विचारलं होतं : 'वर्षभरातील विद्यार्थी आंदोलने'. तिथं 'निरंक' लिहिता आलं की पैकीच्या पैकी. अभ्यासिकेत कोण बसतं, हे विचारणारा रकाना मात्र नव्हता.

समिती गुरुवारी येणार, आणि सोमवारी सकाळी कुलगुरूंच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर हातभर उंचीची निळी अक्षरं :

'अभ्यासिकेला टाळं कशासाठी? खुर्चीला वाढ मिळावी यासाठी!'

पेंटरला बोलावणं गेलं. कुलसचिव स्वतः भिंतीपाशी उभे होते, बरोबर एक कारकून. पेंटर दोन पावलं मागं सरला आणि नाक मुरडायचंच विसरला.

कुलसचिव मोठे धोरणी. म्हणाले, "पेंटर, तुम्ही अक्षराचे दर्दी. तुमच्याशिवाय इथं कळतंय कुणाला? कसं वाटतं?"

किती वर्षांनी त्याला हे कुणी विचारत होतं! पेंटरची छाती फुगली, आणि छाती फुगली की त्याची जीभ सुटायची.

"साहेब, हा शिकलेला हात आहे! रेघ कुठं थरथरलीय का बघा. आणि हा ळ... डावं पोट उपाशी, उजवं जेवलेलं. असा ळ या गावात दोनच हात काढतात. त्यातला एक हा!" म्हणून त्यानं स्वतःचा हात वर केला.

हात वर राहिला आणि तोंड मिटलं.

"आणि दुसरा?" कुलसचिवांनी अगदी हळू विचारलं.

"दुसरा... ते आता आठवत नाही, साहेब."

"राहू द्या. चहा घ्या." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासाठी कपबशीत चहा आला. कारकून लिहितच होता.

भिंत त्यालाच पुसायची होती. ओलं फडकं लावताच निळा रंग सुरसुर उतरला. पोरीनं साधा पाण्याचा रंग वापरला होता. मामाचा उजवा खांदा दुखायचा, त्याला खरवडायला लागू नये म्हणून.

पेंटरनं आपलं अक्षर कुणाला शिकवलं, हे सगळ्या विद्यापीठाला ठाऊक होतं. मंगळवारी भाचीची चौकशी झाली. माफी लिहून दे, बरोबरच्यांची नावं सांग. तिनं दोन्ही केलं नाही. बुधवारी तिचं नाव पटावरून कमी झालं. पेंटर धावत कुलसचिवांकडे गेला.

"साहेब, माझी चूक झाली. तो ळ तिचा नाही, मीच लिहिलं ते! मला काढा."

"पेंटर, तुम्ही नोकर. तुम्ही लिहिलं तर तो शिस्तभंग, फॉर्मात त्यालाही रकाना आहे. आणि तिनं लिहिलं, पण ती आता विद्यार्थिनीच नाही. म्हणजे विद्यार्थ्यांचं आंदोलन झालंच नाही. निरंक टाइप झालंय." आवाज खाली आणून ते म्हणाले, "मलाही पेन्शनला दीड वर्ष राहिलंय हो."

घरी भाची आदेशाचा कागद घेऊन बसली होती. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं होतं : 'विद्यापीठाचे पेंटर यांच्या तज्ज्ञ साक्षीवरून'.

"मामा, तुला जबरदस्ती केली का रे त्यांनी?"

ती हो म्हणवून घ्यायला तयार बसली होती. एक मान हलवली असती तर भागलं असतं. पण पेंटरला तिच्यासमोर खोटं जमायचं नाही.

"नाही गं. फार सुंदर आलं होतं. राहवलं नाही."

ताई आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. भाचीनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "ळ बरा आला होता ना?"

"माझ्यापेक्षा बरा."

आठवड्यानं ती दुसऱ्या शहरात एका दुकानात हिशेबनीस म्हणून गेली. कुलगुरूंना मुदतवाढ मिळाली, दालनाला पाटी लागली, तीही छापील. तो खिळा मात्र ताईनं काढला नाही, आणि पेंटर त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

महिन्याभरानं पत्र आलं. 'मामा, खोली मिळाली. काळजी करू नकोस. आईला सांभाळ.'

ताईनं वाचून ते त्याच्या हातात दिलं. "चांगलं लिहिलंय पोरीनं. राग नाही रे तिच्या मनात, बाळ्या."

पेंटर पत्र घेऊन उजेडात गेला. दोन पावलं मागं सरता येईना, म्हणून हात लांब करून बघत राहिला. मिळाली, काळजी, सांभाळ. तीन ळ. तिन्हींची दोन्ही पोटं अगदी सारखी होती.