दादाला पुन्हा सांगा

कऱ्हाडच्या घरातून त्या सकाळी आम्ही दोघं एकदमच निघालो. मी जर्मनीला, दादा सरहद्दीवर. आईने दोघांच्या तळहातावर दही घातलं. "जाते म्हणू नये, येते म्हणावं."

दादा शाळेत भूगोल शिकवायचा आणि प्रादेशिक सेनेत होता. तणाव वाढला की बोलावणं यायचं. या खेपेला मुदत वाढतच गेली. पन्नाशीला टेकलेला माणूस फोनवर म्हणायचा, "गुडघे कुरकुरतात गं. पोरीची दहावी आहे. वरचे सोडायला तयार आहेत, येतो आता घरी."

डार्मश्टाटच्या आमच्या मंडळात गणपतीची आरती संपता संपता त्याचा व्हिडिओ कॉल आला; तेव्हाही तो घरी परतण्याचंच बोलत होता. अध्यक्ष शिरीषकाकांनी माझ्या हातून फोन घेतला. "काय सुभेदार, ऐन वेळी पाठ दाखवणार? आम्ही इथे छाती फुगवून सांगतो तुमच्याबद्दल!" हॉलभर टाळ्या. दादा ओशाळून हसला. "नाही हो काका, राहतो."

याच काकांनी स्वतःच्या मुलाला इथल्या लष्कराची भरतीची प्रश्नावली आली तेव्हा ती टाळायला वकील गाठला होता.

दिवाळीच्या तोंडावर तोफगोळा पडला आणि दादा गेला.

मी वेळेत पोचू शकले नाही. दहाव्याला वहिनीने घाटावरून फोन धरला. कावळा पिंडाला शिवेना. तिने पोरीच्या शिक्षणाचा शब्द दिला, चुलत्यांनी आईला सांभाळायचा. कावळा फांदीवरच. "वन्सं, तुम्ही बोला." मी हळूच म्हणाले, "दादा, शिरीषकाकांना मी सोडणार नाही."

कावळा खाली उतरला.

मंडळाने श्रद्धांजलीची सभा ठेवली. वर्दीतल्या फोटोला हार, शेजारी समई. मला बोलायला सांगितलं. मी उठले आणि माईक काकांच्या हातात दिला.

"गणपतीत म्हणालात ते दादाला पुन्हा सांगा."

काकू पुटपुटल्या, "अहो, माफी मागा."

"आल्झो... म्हणजे, मी गमतीत म्हणालो होतो गं."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तीच गंमत सांगा."

काका माईक धरून उभे राहिले. या वेळी टाळ्या नव्हत्या. माफी त्यांनी नंतर जिन्यात मागितली. मी दिली नाही.

वहिनी आता शांत झाली आहे. म्हणते, "सोडून द्या वन्सं. या इकडेच, आईंना बरं वाटेल." पूर्वी घर म्हटलं की मला कऱ्हाडच दिसायचं, आणि इथली ग्रंथालयातली नोकरी चार वर्षांची सोय वाटायची. आता मंडळाचा एकही कार्यक्रम मी चुकवत नाही. पहिल्या रांगेत, काकांच्या बरोबर समोर बसते. बोलत काही नाही. त्यांचं भाषण मध्येच आटपतं. ते जोवर इथे आहेत, तोवर ती खुर्ची हेच माझं घर.