लाल झेंड्यामागची शिट्टीताई

किनाऱ्यावर तिला सगळे शिट्टीताई म्हणत. वय अठ्ठेचाळीस, रंग उन्हाने रापलेला, आवाज खणखणीत. सुट्टीला येणाऱ्या लोकांवर नजर ठेवायची आणि बुडणाऱ्याला बाहेर काढायचं, हे तिचं काम. बावीस वर्षांपूर्वी ती या कामाला लागली तेव्हा सासूबाई कुरकुरल्या होत्या, "बाईमाणसाचं काम आहे का हे?"

"बुडणारा माणूस मदतीचा हात कोणाचा ते बघत नाही, आई," एवढंच ती म्हणाली होती.

रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उभी राहून ती अंदाज घेई. आजूबाजूला लाटा फुटत असताना मधलाच एक पट्टा शांत दिसला, की नवख्याला नेमकं तिथेच उतरावंसं वाटतं. पाणी माणसाला आत ओढतं ते तिथूनच.

एका रविवारी तसा पट्टा थेट मोठ्या हॉटेलसमोर पडला. ताईने लाल झेंडा रोवला. हॉटेलचा नवा मॅनेजर तरातरा आला.

"ताई, हॉटेल भरलंय माझं. आभाळ बघा किती स्वच्छ आहे! काढा तो झेंडा."

"आभाळात पोहायचं असेल तर खुशाल पाठवा, साहेब."

"मी वर तक्रार करीन."

"करा की."

तेवढ्यात नव्या बायकोसमोर शान मारायला एक पाहुणा धावत पाण्यात शिरला. ताईची शिट्टी वाजेपर्यंत तो पार आत गेला होता. परत फिरायला हातपाय मारी, पण जागचा हलेना. मॅनेजरचं तोंड पांढरंफटक पडलं.

ताईने बुडणाऱ्याला तरंगता ठेवणारा फ्लोट उचलला आणि पाण्यात झेप घेतली. ती जवळ पोचताच त्याने तिच्या गळ्यालाच मिठी मारली. तिने ती सोडवली, फ्लोट त्याच्या छातीखाली सारला. "किनाऱ्याकडे झुंजू नका. माझ्याबरोबर किनाऱ्याला समांतर, आडवे चला."

ओढीचा पट्टा मागे पडला तसं लाटांनीच दोघांना वाळूवर आणून टाकलं. तो खोकत, रडत बसला. बायको कडाडली, "आणि म्हणे पोहण्यात बक्षिसं मिळालीत!"

"तलावातली असतील," ताई केस पिळत म्हणाली. "तलाव ओढत नाही हो."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः तिच्याकडे आला. "काल चुकलं माझं. पाहुण्यांना जरा समजावून सांगाल?"

ताई ओल्या पायांनीच हॉटेलच्या हॉलमध्ये उभी राहिली आणि दहा मिनिटं बोलली. मागून कोणीतरी विचारलं, "मग आम्ही उतरायचं तरी कुठे?"

"चला, दाखवते," म्हणत ती निघाली, आणि सगळा हॉल तिच्यामागे उथळ पाण्याकडे चालू लागला.