राणीचा दानझरोका

ताईंच्या रोजनिशीत त्या दिवशी एवढंच होतं: शुक्रवार, १४ मार्च. प्लंबरनं स्वयंपाकघरातला नळ बदलला. किल्ला विकला गेला. धाकटा जेवायला आला, पण ताटात नुसती बोटं फिरवून उठला.

धाकटा म्हणजे ताईंचा भाऊ. उभी हयात त्यानं किल्ल्यावर काढली: रखवालदारही तोच, माहिती सांगणाराही तोच. लग्न केलं नाही. दरवाजावरची खोली हाच त्याचा संसार. आता गाद्यांच्या एका कारखानदारानं सुट्टीत राहायला म्हणून अख्खा किल्लाच घेतला होता, आणि आपली खोली राहते की जाते, या घोरानं धाकट्याची झोप उडाली होती.

"खरं बोलून राहावं. निभावतं," ताई म्हणाल्या.

"तिथंच तर घोडं अडलंय, ताई."

तटाबाहेर डोकावणारी एक दगडी कोठडी होती. जमिनीला वाटोळं भोक, खाली थेट खंदक. जुन्या मालकांचा संडास, दुसरं काय! पण कधीकाळी कॉन्व्हेंट शाळेच्या मुलींना घेऊन आलेल्या सिस्टरनी "हे काय?" म्हणून विचारलं आणि मुलींसमोर धाकट्याची जीभ रेटेना. "इथून राणीसाहेब गरिबांना दान टाकायच्या," त्यानं ठोकून दिलं. सिस्टरनी भक्तिभावानं डोळे मिटले. तेव्हापासून तोच इतिहास.

कारखानदारीणबाई त्या कोठडीवर लट्टूच झाल्या. भोकाला पितळी कडं बसवलं, शेजारी संगमरवरी टेबल मांडलं आणि सकाळचा चहा तिथंच सुरू केला.

नव्या न्हाणीघराच्या कामाला ताईंचाच प्लंबर आला. कोठडीत डोकावून म्हणाला, "बाई, दुसरीकडे भिंत कशाला फोडताय? संडास आयता आहे की! त्यातच तर चहा पिताय."

बाई कप खाली ठेवून धाकट्याकडे वळल्या. "काय हो, हा काय बरळतोय? तुमच्या खोलीचं आजच ठरवायचंय. नीट सांगा."

धाकट्यानं खिडकीतून पाहिलं. दरवाजावरच्या आपल्या खोलीबाहेर त्याचा धुतलेला सदरा वाळत होता.

"राणीसाहेब स्वतःच्या हातानं टाकायच्या," तो म्हणाला.

"हातानं?" प्लंबरनं आ वासला. दुपारच्या आत त्याला कामावरून काढलं.

"खोली तुमचीच," बाई प्रसन्न होऊन म्हणाल्या. "फक्त शनिवारी पाहुणे आले की खाली खंदकात झोळी पसरून उभं राहायचं. ते दान टाकतील. तुम्ही वर बघून हात जोडायचे."

ताईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "निस्तर आता."

पहिल्या शनिवारी आधी नाणी पडली. नाणी संपल्यावर केकचे तुकडे आले. मग कुणा दानशूरानं कपातली उरलेली कॉफी ओतली. धाकटा हात जोडून वर बघत राहिला. खोली टिकवायची होती ना! वरून बाईंचा आवाज आला, "बघा, अगदी तेव्हासारखं!"

त्या संध्याकाळी ताईंनी लिहिलं: शनिवार. धाकट्याला डोकं धुवायला दोन बादल्या पाणी तापवलं. साबणाची नवी वडी काढली.