मोहाची, आणि पुढे गाळलेली पोळी

माझ्या एका पत्रकामुळे एका बाईचा ओटा गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कीव येणार नाही.

मी पत्रकं लिहिते. रस्त्यावरचे बंद दिवे, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी धूळ, संध्याकाळी सातनंतर गायब होणारी बस, असल्या विषयांवर. एक कागद, दोन्ही बाजू, वर जाड अक्षरात एक ओळ. त्या ओळीनं चालता माणूस थांबला पाहिजे, असं मला शिकवलं गेलं आणि मी ते नको तितकं शिकले.

आमच्या चंद्रपूरबद्दल बोलताना लोकांचे तीन शब्द ठरलेले आहेत: कोळसा, ऊन आणि वाघ. बाहेरगावी नोकरीला गेलेले आमचेच पोट्टे दिवाळीला येतात आणि विचारतात, "इथी रात्री करता काय बे तुम्ही?" या प्रश्नाचा मला संताप यायचा. शिवाय दुसरी गोष्ट होती. रात्री आठला मी एकटी जटपुरा गेटाबाहेर दिसले की ओळखीतला कोणीतरी गाडी थांबवून म्हणायचाच, "काऊन, इथी काय करून राह्यली?" जणू शहर मला दिवसापुरतं भाड्यानं दिलंय. म्हणून ठरवलं, 'सातनंतरचं चंद्रपूर' असं पत्रक काढायचं. जाहिरात नाही, उपदेश नाही. सातनंतर कुठे काय उघडं असतं, तिथे कोण भेटतं, एवढंच.

तीन आठवडे रोज संध्याकाळी फिरले. जटपुरा गेटच्या आतल्या गल्लीत लग्नाचे कोट भाड्यानं देणारा एक दुकानदार सापडला. त्याच्याकडे फक्त फोटोपुरता कोट मिळतो, अर्ध्या तासासाठी, खाली तुमचीच पँट. राजुऱ्याच्या रस्त्याला खाणीतले जुने बूट विकणारा भेटला. त्याच्याकडे डाव्या पायाचे बूट ढीगभर आणि उजव्याचे मोजके. कारण विचारलं तर म्हणाला, "ते बुटाले इचारा." खर्ऱ्याचे, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूचे, ठेले मी मुद्दाम गाळले. त्यांना पत्रकाची गरज नाही.

सगळ्यात आवडलं ते कुलूपवाल्याचं दुकान. वयस्क माणूस, वडिलांपासूनचा धंदा. काउंटरवर बरणीत शेकडो किल्ल्या, एकीचंही कुलूप नाही.

"भाऊ, ह्या कशाले ठेवल्या?"

"कुलूप येते ना कधी कधी मागून."

साडेसातला तो शटर ओढायचा, ओटा झाडायचा, पाणी शिंपडायचा आणि घरी जायचा. मग त्याच ओट्यावर एक बाई शेगडी मांडायची. आमच्याकडे असे बरेच ओटे आहेत, दिवसाचा धनी वेगळा आणि रात्रीचा वेगळा. लिखापढी नसते. बाईनं तव्यावरची पहिली पोळी कागदात बांधून शटरच्या कडीला अडकवायची आणि सकाळी कुलूपवाल्यानं ती चहासोबत खायची, एवढाच करार.

बाई चामोर्शीकडची. नवरा गावच्या तलावावर मासे धरायचा. मुलीला इथल्या नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली म्हणून मायलेकी खोली घेऊन राहिल्या होत्या. मुलगी शिकून होईपर्यंत शहरात टिकायचं, आणि टिकायचं ते त्या ओट्याच्या जोरावर. उन्हाळ्यात गावाहून वाळलेल्या मोहफुलांचं पोतं यायचं. फुलं भिजवायची, शिजवायची आणि त्या गोड काळसर पाण्यात कणीक मळून पोळी लाटायची. तेल सोडलं की असा वास सुटायचा की दुसऱ्या पाळीवरून सुटलेले लोक सायकल वळवायचे.

"खाय पोरी," ती म्हणायची. "फिरून फिरून वाळली तू. काय लिवतेस एवढं?"

"तुमच्याबद्दलच लिहिणार आहे, बाई."

"लिव मंग. चांगलं लिव."

पत्रकात तिची जागा शेवटी आली आणि कागद संपत आला होता. मी जाड अक्षरात लिहिलं: 'आठनंतर कुलूपवाल्याच्या ओट्यावर गरमागरम मोहाची!' आणि खाली बारीक अक्षरात: 'पोळी. एकदा खाऊन तर पाहा.'

जागा अपुरी होती हे खरं. पण जागा असती तरी मी असंच लिहिलं असतं. ती ओळ मला आवडली होती. माणूस दचकेल, थांबेल, मग बारीक अक्षर वाचून हसेल, असा माझा हिशोब होता.

इथे बाहेरच्यांसाठी एक सांगावं लागेल. मोहाचं फूल म्हणा, मोहाचा लाडू म्हणा, कुणी मान वर करत नाही. पण नुसतं 'मोहाची' म्हटलं की आमच्या भागात पुढचा शब्द लागत नाही. मोहाची म्हणजे दारू. चंद्रपुरातली दारूबंदी उठली, परवान्याची दुकानं उघडली, पण हातभट्टी बेकायदेशीर ती बेकायदेशीरच. मी याच मातीत वाढले. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पत्रक वाटल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी जाड ओळीचा फोटो काढून मोबाइलवरच्या गटागटात फिरवला. बारीक अक्षर फोटोत नव्हतं. संध्याकाळी मी पोचले तेव्हा ओट्यासमोर आठ-दहा जण उभे होते आणि त्यात एकही रोजचा नव्हता.

"बाई, एक पावशेर दे ना."

"पोळी हाय," बाई म्हणाली.

"हाव हाव, पोळीच. पहिल्या धारेची पोळी दे."

"पिऊन जाऊ का बांधून देतेस?" दुसरा म्हणाला, आणि सगळे खिदळले.

मी मधे पडले. ही खायची वस्तू आहे, लाज नाही वाटत का, असं बरंच बोलले. एक जण शांतपणे म्हणाला, "मॅडम, कागदात तं तुम्हीच लिवलं असंन ना?"

तिसऱ्या दिवशी चौकशीला दोन पोलीस आले. पातेलं उघडून वास घेतला, शेगडीमागे पाहिलं, दोन पोळ्या खाल्ल्या, पैसे दिले आणि "चांगली हाय बाई" म्हणून गेले. त्यांनी काहीच वाईट केलं नाही. पण आख्ख्या गल्लीनं पोलीस ओट्यावर वाकलेले पाहिले. पोळी खाताना कुणी पाहिलं नाही.

मुलीला कॉलेजात कुणीतरी 'भट्टीवाली' म्हटलं. ती संध्याकाळी आईच्या मदतीला यायची, ते बंद झालं.

मी कुलूपवाल्याकडे गेले. मी चिडलेली होते. परवान्याचे बार रंगीत दिवे लावून उघडे, त्यांच्या पायरीवर कुणी प्रश्न विचारत नाही आणि एका बाईच्या तव्यावर एवढा संशय, वगैरे.

"तू भाषण नोको देऊ," तो म्हणाला. "मले तिच्यावर शक नाई. पण सकाळी सकाळी गिऱ्हाईक येऊन इचारते, भाऊ, कुलूप का क्वार्टर? माह्या बापाचं दुकान हाय हे."

"मग तुम्ही खरं सांगा ना लोकांना."

"कोणाकोणाले सांगू? तू एका कागदात हजार जणाले सांगतलं. मी एकेकाले सांगू का?"

त्यानं बाईला महिनाअखेरपर्यंत बसू दिलं. मग ओटा बंद.

ओटा बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यात मी दुसरं पत्रक छापून आणलं. जाड अक्षरात: 'ती पोळीच होती! दारू नव्हे!' गठ्ठा घेऊन बाईकडे गेले. मनात होतं की तिला बरं वाटेल. तिनं हात पुसले, एक कागद घेतला, अक्षर लावत लावत वाचला आणि परत गठ्ठ्यावर ठेवला.

"ज्याले मालूम नव्हतं त्यालेही सांगतेस आता."

"बाई, मग मी काय करू?"

"तुले जाड अक्षरात 'पोळी' लिवाले काय झालं होतं? दोन अक्षरं होती."

तिनं तव्यावरची पोळी उलटली. मी गठ्ठा घरी आणला. त्यातला एकही कागद वाटला नाही.

त्या ओट्यावर आता मोमोवाला बसतो.

चारेक महिन्यांनी बाई मला एका वळणावर अचानक दिसली. शेगडी तीच, जागा उघड्यावरची, मागे भिंत नाही आणि वर छप्पर नाही. जागा तिनं स्वतः शोधली होती, कुणाच्या शिफारशीशिवाय. मुलगी दुसऱ्या वर्षाला गेली, एवढं तिनं सांगितलं. मी खाली बसले. तिनं कागदात भजी दिली.

"पोळी नाही करत?"

"नाई. पोतं गावी पाठवून देल्लं. वास आला की लोक मागं वळून पाह्यते. मले ते नोको आता."

उठताना म्हणाली, "येत जाय. पण लिवू नोको कुठी बसतो मी."

म्हणून ती जागा इथे नाही. मी आठवड्यातून दोनदा जाते. भजी बरी असतात. त्या रस्त्यावर तशी भजी आणखी सहा जण तळतात.